जुना संगणक भंगारात काढण्याआधी



आज मी तुमच्याशी कार्यालयातल्या जुन्या संगणकाबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळ ग्रामसंघांत, प्रभाग संघात किंवा लोकसंचालित साधन केंद्रात एखादा तरी संगणक आहे. कुणाला कंपनीने वापरलेला दिला, कुणी जुना विकत घेतला. त्यावर गटांची यादी आहे, कर्जाचे तक्ते आहेत, बँकेला पाठवायची पत्रं आहेत, सभासदांच्या आधार कार्डाच्या प्रती आहेत. हल्ली या संगणकांवर एक सूचना येते, की तुमच्या विंडोज १० ची मदत संपली आहे. ती वाचून घाबरायला होतं. आम्हालाही झालं होतं. पुण्यातल्या आमच्या कार्यालयात काय घडलं, कुठे चुकलो आणि शेवटी काय जमलं, ते सगळं सांगते.

आमच्याकडे तीन संगणक. दोन एका कंपनीने वापरून दिलेले, २०१३ सालच्या आसपासचे. तिसरा आम्ही २०१९ मध्ये स्वतः घेतलेला. तिन्हींवर विंडोज १०. सूचना यायला लागल्यावर आम्ही एका दुकानदाराला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, तिन्ही गेले. नवे घ्या. चाळीस-चाळीस हजार धरा."

म्हणजे एक लाख वीस हजार रुपये. मासिक बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्या हिशेबनीस ताई लगेच म्हणाल्या, "एवढ्यात सहा बायकांना वीस-वीस हजारांचं कर्ज होतं." एका मावशींना म्हशीसाठी कर्ज हवं होतं आणि त्यांचा अर्ज दोन बैठका पुढे ढकललेला होता. त्या गप्प बसून ऐकत होत्या. मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, खरंच गेलेत का ते आधी बघू या.

आधी ही मदत संपणं म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणकात दोन गोष्टी असतात. एक यंत्र, म्हणजे डबा, पडदा, कीबोर्ड. दुसरी त्या यंत्राकडून काम करून घेणारी व्यवस्था. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टीम. मोबाईलमधलं अँड्रॉइड ही दुसरी. विंडोज १० मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ च्या जुलैत बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची मदत बंद केली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. तो कालच्यासारखाच चालतो. फरक एवढाच, की अशा व्यवस्थेत अधूनमधून चोरवाटा सापडतात, आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवण्याचं काम पाठवत असते. ते येणं थांबलं. नवी चोरवाट सापडली की ती उघडीच राहणार. हळूहळू ब्राउझरसारखी सॉफ्टवेअरही जुन्या व्यवस्थेला सोडून देतात. विंडोज ७ चं असंच झालं. तिची मदत २०२० च्या जानेवारीत संपली आणि २०२३ मध्ये गुगल क्रोमच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर यायच्या बंद झाल्या.

घरात फक्त गाणी ऐकायला संगणक असेल तर कुणी म्हणेल, चालू दे. पण आपल्याकडे दोनशे-तीनशे बायकांचे खातेक्रमांक आहेत, नेट बँकिंग आहे. त्या बायकांनी विश्वासाने कागद दिलेत. ती जबाबदारी आपली आहे.

मग नवी विंडोज ११ का चढत नाही? ती २०२१ च्या ऑक्टोबरात आली. तिच्या अटी कडक आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी, ही तर साधी अट. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात हवी. पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी ती छोटी तिजोरी समजा. दुसरी अट प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. ही पिढी २०१७ मध्ये सुरू झाली. त्याआधीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत, मग ते कितीही धडधाकट चालत असोत.

तुमचा कोणत्या पिढीचा आहे, ते तुम्ही स्वतः बघू शकता. सेटिंग्ज उघडा, सिस्टीममध्ये जा, सगळ्यात खाली अबाउट आहे. तिथे प्रोसेसरचं नाव येतं. आय थ्री किंवा आय फाइव्हच्या पुढे आडवी रेघ असते, आणि तिच्यानंतर आकडा. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी. ४५७० असेल तर चौथी, ८१०० असेल तर आठवी. १०४०० सारखा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक बघा, म्हणजे दहावी. पेन्टियम आणि सेलेरॉनला हा नियम लागत नाही. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट तपासणीचं साधन आहे. ते चालवलं की कोणती अट पूर्ण होते आणि कोणती नाही ते यादीसारखं दाखवतं.

आम्ही तिन्ही संगणकांवर ते चालवलं. दोन जुने चौथ्या पिढीचे निघाले. ते बसणार नव्हतेच. पण २०१९ चा तिसरा? त्याचा प्रोसेसर नवव्या पिढीचा. सगळ्या अटी पूर्ण, फक्त टीपीएमपुढे नकार. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं, की पुष्कळ संगणकांत ही सोय असते, पण कारखान्यातून येताना बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एक ठरावीक बटण दाबलं की बायोस नावाचं आतलं पान उघडतं. तिथे इंटेलच्या यंत्रात पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने ती सोय असते. ती आम्ही चालू केली, पान जतन करून बाहेर आलो, पुन्हा तपासलं. सगळ्या अटी हिरव्या. विंडोज ११ त्याच्यावर रीतसर, फुकट चढली. चाळीस हजारांचं काम एका बटणावर आलं.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने बघितलंच नाही. आणि आम्हीही प्रश्न विचारला नाही. म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा. कुणी "गेला" म्हटलं तर विचारायचं, कोणती अट पूर्ण होत नाही ते दाखवा.

राहिले दोन. त्यांच्यापुढे कोणते रस्ते होते ते एकेक सांगते.

पहिला रस्ता, विंडोज १० वरच आणखी थोडे दिवस काढायचे. घरगुती वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची मदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. घरी मुलांच्या अभ्यासाचा संगणक असेल तर हे जरूर करा, विचार करायला वेळ मिळतो. संस्था आणि कार्यालयांसाठी मात्र वेगळी, पैसे भरून घ्यायची सोय आहे. आणि मुदत संपली की प्रश्न पुन्हा दारात उभा.

दुसरा रस्ता, विंडोज ११ जबरदस्तीने चढवायची. अटींची तपासणी चुकवून ती जुन्या यंत्रावर टाकता येते. करणारे करतात, आणि बऱ्याच यंत्रांवर ती चालतेही. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. उद्या एखादं मोठं अपडेट अडलं तर आपण पुन्हा तिथेच. २०२४ च्या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. स्वतःच्या घरी, स्वतःच्या जोखमीवर कुणाला करून बघायचं असेल तर त्यांनी बघावं. शंभर बायकांचा हिशेब ज्याच्यावर आहे त्या यंत्रावर मी करणार नाही.

तिसरा रस्ता, दोनशे-तीनशे रुपयांत कुणी चोरीची विंडोज टाकून देतो तो. तो रस्ता सोडा. ते बेकायदेशीर तर आहेच, पण चोरीची प्रत चालावी म्हणून जे टाकतात, त्याच्यातूनच व्हायरस आत येऊ शकतो. घराला कुलूप लावायला चोरालाच बोलावल्यासारखं आहे ते.

चौथा रस्ता आम्ही घेतला. लिनक्स.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण ते तुमच्या हातात रोज असतं. तुमच्या अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सच आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने हे काम सुरू केलं आणि जगाला मोकळं करून दिलं. तेव्हापासून देशोदेशीची माणसं मिळून ते वाढवतात. वापरायला पैसे नाहीत, दुसऱ्याला द्यायला बंदी नाही. त्याची अनेक रूपं आहेत. जसं एकाच ज्वारीच्या पिठाची भाकरीही होते आणि आंबीलही. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचं रूप केलं, ते २००७ मध्ये आलं, त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. ही सी-डॅक म्हणजे १९८८ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेली आणि १९९१ मध्ये परम हा महासंगणक बनवणारी संस्था. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच संगणक शिकताहेत. म्हणजे ही काही कोपऱ्यातली, चार जणांची गोष्ट नाही.

आम्ही निवडलं ते लिनक्स मिंट, आणि त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. कारण त्याचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेची मदत आहे. म्हणजे २०१३ चं यंत्र आणखी तीन वर्षं सुरक्षित वापरता येतं.

पण बैठकीत हा विषय सोपा गेला नाही. एका ताईंनी उभं राहून विचारलं, "आमच्या मुली एमएस-सीआयटी करतात. तिथे विंडोज शिकवतात. नोकरीला गेल्यावर तिथेही विंडोजच असतं. तुम्ही इथे भलतंच शिकवलं तर त्यांनी काय करायचं?" प्रश्न बरोबर होता. मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आम्ही आधी एक यादी केली, की या संगणकांवर आपण खरंच काय काय करतो. ही यादी तुम्हीही करा, तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आमच्या यादीत असं निघालं. तक्ते बनवणं, पत्रं लिहिणं, ईमेल, बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांवर माहिती भरणं, छपाई, मराठी टंकलेखन, ऑडिटसाठी टॅली, अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीची पेन ड्राइव्हसारखी किल्ली.

यातल्या पहिल्या चार गोष्टी लिनक्सवर नीट होतात. तक्त्यांना आणि पत्रांना लिबरऑफिस आहे. एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात, आणि बँकेला पाठवताना त्याच रूपात जतन करता येतात. कधी समास इकडेतिकडे होतात, कुणी एक्सेलमध्ये मॅक्रो केलेले असतील तर ते अडतात. आमच्याकडे नव्हते. टॅली, अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सही या गोष्टींना मात्र बहुतेक वेळा विंडोजच लागतं. म्हणून आम्ही ठरवलं, ही तीन कामं विंडोज ११ च्या संगणकावर. बाकीची दोन लिनक्सवर. मुलींना दोन्हींवर बसवायचं. ताईंना ते पटलं. आता त्यांचीच मुलगी म्हणते, की एक्सेल शिकलेलीला लिबरऑफिस दोन दिवसांत येतं. आडाखा एकच आहे, फक्त बटणांच्या जागा बदलतात.

तुमच्याकडे एकच संगणक असेल आणि त्याच्यावर टॅली किंवा अंगठ्याचं यंत्र असेल, तर माझं ऐकून लिनक्स टाकू नका. आधी यादी, मग निर्णय.

छपाईचं आणि मराठीचं वेगळं सांगते. प्रिंटर काही लगेच ओळखले जातात, काही फार रडवतात. आमच्या दोनांपैकी एक दहा मिनिटांत चालू झाला. दुसरा काही केल्या चालेना, तो शेवटी विंडोजच्या संगणकाला जोडला. मराठीचं असं, की युनिकोडमध्ये टंकलेलं सगळं लिनक्सवर जसंच्या तसं दिसतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर आतच असतो, सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी जोडायचा. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमध्ये जे टंकलं, ते तो फॉन्ट नसेल तर वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांसारखं दिसतं. आमचे जुने ठराव तसे होते. अशा फाइली विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा निदान त्यांची पीडीएफ करून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम कसं केलं ते. आठ जीबी किंवा मोठी एक रिकामी पेन ड्राइव्ह घेतली. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती फाइल उतरवली. ती तीन जीबीच्या आसपास असते, म्हणून जिथे चांगलं नेट आहे तिथून उतरवा. रुफस किंवा एचर नावाच्या फुकट साधनाने ती पेन ड्राइव्हवर लिहिली. नुसती कॉपी करून चालत नाही, या साधनानेच लिहावी लागते, आणि पेन ड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. मग पेन ड्राइव्ह जुन्या संगणकाला लावून तो सुरू केला, आणि सुरू होतानाच एफ१२ दाबलं. कोणत्या यंत्राला एफ१२ लागतं, कुणाला एफ९, कुणाला एस्केप. यादी आली, त्यात पेन ड्राइव्ह निवडली.

आणि इथे लिनक्सची एक फार चांगली गोष्ट आहे. ते पेन ड्राइव्हवरूनच चालतं. संगणकातल्या कशालाही हात न लावता सगळं वापरून बघता येतं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, पडदा नीट दिसतो का. साडी विकत घेण्याआधी अंगावर टाकून बघतो तसं. नाही आवडलं तर संगणक बंद करायचा, पेन ड्राइव्ह काढायची, पुन्हा सुरू केला की जुनं विंडोज जागच्या जागी. थोडं संथ चालतं, कारण सगळं पेन ड्राइव्हवरून येत असतं. आम्ही दोन दिवस असंच वापरून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी माझी चूक झाली. ती तुम्हाला सांगायलाच हवी.

खरोखर बसवताना ते विचारतं, जुन्या विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू. मी डिस्क पुसण्याचं निवडलं. बॅकअप घेतलाय असं मला वाटत होतं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही मी बाहेरच्या डिस्कवर उतरवले होते. पण डी ड्राइव्ह बघितलाच नव्हता. माझ्या आधी काम करणाऱ्या ताईंनी तिथे एका फोल्डरमध्ये २०१६ ते २०१८ चे कर्जफेडीचे तक्ते ठेवले होते. पुसणं म्हणजे सगळी डिस्क पुसणं. सी, डी, सगळं. दोन मिनिटांत ते गेलं.

मला ते चार दिवसांनी कळलं, एका मावशींच्या जुन्या कर्जाची चौकशी आली तेव्हा. मी सगळीकडे शोधलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पोटात गोळा आला. दोन दुकानांत विचारलं, परत मिळेलच अशी खात्री कुणी दिली नाही. मी बैठकीत उभी राहून सांगितलं, की हे माझ्या हातून झालं. कुणी रागावलं, कुणी नाही. हिशेबनीस ताई एवढंच म्हणाल्या, "वह्या आहेत ना?"

वह्या होत्या. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, दोरीने बांधलेल्या. काहींना वाळवीने कड कुरतडली होती. आम्ही चौघींनी पुढचे तीन आठवडे दुपारी बसून त्या तीन वर्षांचे तक्ते पुन्हा भरले. एका गटाची वही भिजलेली होती. त्या गटातल्या बायकांनी आपापली पासबुकं आणली. ज्या मावशींची चौकशी होती, त्यांचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडता ठेवलेलं. त्यात शेवटच्या हप्त्याची नोंद आणि सही होती. त्यांचं कर्ज फिटलेलं होतं. ते पासबुक नसतं, तर माझ्या एका बटणामुळे त्या बाईकडे बाकी निघाली असती. हे मी विसरू शकत नाही.

म्हणून आता नियम. बॅकअप दोन ठिकाणी. एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या संगणकावर किंवा ड्राइव्हवर. सगळे ड्राइव्ह उघडून बघायचे, डी आणि ई सुद्धा. आधी काम करून गेलेल्या बाईला फोन करून विचारायचं, तू कुठे काय ठेवलं होतंस. बॅकअपमधली एक-दोन फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची, उघडत नसेल तर तो बॅकअप नाही. आणि हाताने लिहिलेली वही कधीही टाकायची नाही.

दुसऱ्या जुन्या संगणकाच्या वेळी आम्ही शहाणे झालो. जुनी हार्ड डिस्क पुसलीच नाही. ती काढून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली. तिच्या जागी नवी एसएसडी बसवली आणि लिनक्स तिच्यावर टाकलं. काही राहिलं असेल तर जुनी डिस्क आहेच. एसएसडी म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली डिस्क. तिच्यामुळे जुन्या संगणकाचा वेग इतका वाढतो, की आधी सुरू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ घेणारा आमचा संगणक आता अर्ध्या मिनिटात उभा राहतो. मग पहिल्यालाही एसएसडी घातली.

खर्च सांगते. २५६ जीबीच्या दोन एसएसडी प्रत्येकी सोळाशे रुपये. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरून जुनी, तपासून घेतलेली ४ जीबी रॅम दोन, प्रत्येकी पाचशे. पेन ड्राइव्ह साडेतीनशे. एकूण चार हजार पाचशे पन्नास. हे आम्हाला पडलेले दर आहेत, या वस्तूंचे भाव सारखे वरखाली होतात, तुम्ही तुमच्याकडे विचारून घ्या. पण एक लाख वीस हजारांशी तुलना करून बघा. पुढच्याच बैठकीत मावशींचा म्हशीचा अर्ज मंजूर झाला.

जुन्या सगळ्याच यंत्रांवर हे करावं असंही नाही. यंत्र ३२ बिटचं असेल तर आताचं लिनक्स मिंट २२ त्याच्यावर चालतच नाही. रॅम २ जीबीपेक्षा कमी असेल, मदरबोर्ड सारखा बंद पडत असेल, तर त्याच्यावर पैसे घालू नका. ते भंगारात द्या, पण नेहमीच्या भंगारवाल्याला नको. संगणकात शिसं असतं, जुन्या पडद्यांच्या दिव्यात पारा असतो. उघड्यावर जाळलं की तो विषारी धूर आपल्याच वस्तीतल्या लेकरांच्या नाकात जातो. ई-कचऱ्यासाठी केंद्र सरकारचे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून नवे लागू झालेत. नोंदणी असलेल्या केंद्राकडेच तो द्यायचा. आणि देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. तिच्यात आपल्या बायकांचे आधार क्रमांक असतात.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगते. या सगळ्यात पैसे वाचले ते खरंच. पण पूर्वी आमचा संगणक अडला की आम्ही दुकानातल्या दादाची वाट बघत बसायचो. तो येईल तेव्हा येईल, सांगेल ते खरं. आता पेन ड्राइव्ह लावायला, एफ१२ दाबायला, अपडेट द्यायला तिघी जणी शिकल्यात. त्यातली एक सातवी शिकलेली आहे. तिने वहीत प्रत्येक पायरी मराठीत लिहून ठेवली आहे, कोणत्या बटणानंतर कोणतं चित्र येतं ते सुद्धा. ती वही आमच्या कार्यालयात संगणकाशेजारी टांगलेली असते.

तुम्हीही असंच करा. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी एका कागदावर लिहून आणा. आपल्या संगणकाचा प्रोसेसर कोणता, रॅम किती, आणि आपण त्याच्यावर रोज काय काय काम करतो. एवढं झालं की निम्मं काम झालं. मग कुणी "गेला" म्हणालं तरी तुम्ही विचारू शकाल, दाखव बरं कुठे गेला ते.

आणि बॅकअप घेताना डी ड्राइव्ह बघायला विसरू नका.